वाफशाचा जीव : गांडुळांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे गांडुळांविषयी आहेत. कुठे त्यांना दानवे म्हणतात, कुठे काडू, कुठे वाळे. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली असली तरी सर्वांचा रोख एकच आहे. एका जमिनीत गांडूळ एक प्रकारे वागते आणि दुसऱ्या जमिनीत अगदी वेगळे, असे का? म्हणून या वेळी ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचे रान लातूर जिल्ह्यात आहे, भारी काळे. श्रावण-भाद्रपदात बांधालगत गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसतात, पण दिवाळीनंतर हातभर खणले तरी एकही गांडूळ सापडत नाही. याउलट संगमेश्वर तालुक्यातील माझ्या मामांच्या पोफळीच्या बागेत मे महिन्यातही पाटाच्या कडेला फावडे मारले की पाच-सहा निघतात. काळी जमीन तर कसदार. मग गांडुळे तांबड्या मातीत जास्त कशी?

उत्तर : आपण जे पाहिले ते बरोबर आहे. मात्र त्याचा उलगडा जमिनीच्या कसात नसून गांडुळाच्या कातडीत आहे. गांडुळाला फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. ते सर्वांगाच्या कातडीने श्वास घेते. कातडी ओली असली तरच प्राणवायू तिच्यातून आत रक्तात उतरतो, आणि ती वाळली की भोवती कितीही मोकळी हवा असली तरी गांडूळ गुदमरते. म्हणजे त्याला ओल आणि हवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी लागतात. शेतकऱ्याच्या भाषेत या स्थितीला वाफसा म्हणतात. जास्तीचे पाणी निचरून गेलेले असते, माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला की तो फुटतो. गांडूळ हा वाफशाचा जीव आहे, आणि ज्या जमिनीत वाफसा जितके दिवस टिकतो, तितके दिवस ते तिथे हिंडते, खाते आणि वीण घालते.

आता आपल्या काळ्या रानाकडे पाहू. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असते, आणि त्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते, जे पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. झडीचा पाऊस लागला की ही माती फुगून आतली छिद्रे मिटतात व हवा कोंडते; पाऊस उलटला की तीच माती दगडासारखी कडक होते आणि भेगाळते. त्या दोन टोकांच्या मधले वाफशाचे दिवस थोडे असतात. आपण श्रावण-भाद्रपदात जे ढीग पाहता ते या दिवसांतले आहेत. ते बांधालगत का दिसतात, हेही यावरून कळेल. बांध उंच असल्याने त्यातले पाणी लवकर निचरते, त्यावर गवताची मुळे व पालापाचोळा असतो, आणि तिथे कुळव फिरत नाही.

गांडूळ मातीतून वाट कशी काढते, हेही पाहण्यासारखे आहे. पुढचे वलय लांब व बारीक करून ते मातीच्या फटीत घालते, मग तेच वलय आखूड व जाड करून फट रुंदावते, आणि अंगावरचे आखूड राठ केस मातीत रोवून मागचे शरीर पुढे ओढून घेते. माती मऊ असेल तर ती बाजूला सारली जाते. माती घट्ट असेल तर गांडूळ ती चक्क गिळते आणि मागे टाकत पुढे सरकते. पण कार्तिकानंतरच्या काळ्या ढेकळात यांपैकी काहीच चालत नाही, कारण कोरडी माती त्याच्याच अंगाची ओल शोषून घेते.

अशा वेळी ते मरते असे मात्र समजू नये. एका चैत्रात परभणीकडच्या काळ्या रानात, जुन्या आंब्याच्या सावलीत खड्डा घेत असताना, सुमारे दीड हात खोलीवरचे एक ढेकूळ मी हाताने फोडले. आत लहान बोराएवढी गोल पोकळी होती, तिची भिंत बोटाने सारवल्यासारखी गुळगुळीत होती, आणि तिच्यात एक गांडूळ अंगाची गाठ मारून बसले होते. रंग फिका, अंग ढिले. तळहातावर घेतले तरी हालचाल नाही. त्यावर पाण्याचे थोडे थेंब सोडले आणि सावलीत थांबलो. बऱ्याच वेळाने गाठीचा एक वेढा सैल झाला, मग दुसरा. ही त्याची उन्हाळी झोप. पोकळीची भिंत त्याने आपल्या अंगच्या चिकट द्रवाने लिंपलेली असते, त्यामुळे आतली ओल टिकते. आपल्याकडच्या शेतजमिनींत नेहमी आढळणारे लॅम्पिटो मॉरिटी हे गांडूळ असा उन्हाळा काढते. शिवाय मोठी गांडुळे मेली तरी त्यांचे धान्याच्या बारीक दाण्यांसारखे दिसणारे कोष मातीत राहतात, आणि पावसाबरोबर त्यांतून पिल्ले निघतात. तेव्हा दिवाळीनंतर आपल्या रानातील गांडुळे संपत नाहीत. काही खोल जाऊन निजतात आणि काही कोषात असतात. भेगा मात्र त्यांच्या मुळावर येतात, कारण भेगेतून उन्हाळ्याची हवा खोलवर शिरते आणि निजलेल्या गांडुळाभोवतीची ओलही उडवते. रब्बीचे पीक निघाल्यावर धसकटे व काडीकचरा जाळण्याऐवजी रानावर पसरून ठेवला तर माती सावकाश वाळते आणि भेगा कमी पडतात.

मामांच्या बागेची गोष्ट वेगळी आहे. जांभ्याच्या मातीत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे असतात आणि त्यांच्यामुळे मातीचे कण घट्ट रवे धरून राहतात. कितीही पाऊस झाला तरी पाणी झरून जाते, म्हणून हवा कधी कोंडत नाही. तिथे उणीव असते ती पाण्याची. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन पाहिले तर जांभा तोच, पाऊस तोच. पण पाऊस संपताच वीतभर मातीचा थर कोरडा पडतो आणि गांडुळांना खाली जायला जागाही नसते, कारण लगेच कातळ लागतो. पोफळीच्या बागेत माणसाने ती उणीव भरून काढली आहे. पाटाचे पाणी, दाट सावली आणि वर्षभर पडणाऱ्या झावळ्यांचे आच्छादन यांमुळे तिथे बारमाही वाफसा असतो. माती किंचित आम्ल असते खरी, परंतु सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH हा आकडा) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असेल तर बहुतेक गांडुळांना ते सोसते, ४.५ च्या खाली गेला तरच फार थोड्या जाती टिकतात.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. अशा बागांत सापडणारी सगळीच गांडुळे मूळची आपल्याकडची असतात असे नाही. पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे दक्षिण अमेरिकेतून आलेले गांडूळ आज जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत, पश्चिम घाटातील बागा-मळ्यांतही, पसरले आहे. त्याची शेपटी भिंगातून पाहिली तर केस ब्रशासारखे उभे दिसतात. एकटे गांडूळही जोडीदाराविना कोष घालू शकते, म्हणून जंगल तुटले किंवा जमीन उलथली गेली की ते तिथे सर्वांच्या आधी बस्तान बसवते. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ जंगल तोडून केलेल्या कुरणांत या एकाच जातीचे प्राबल्य झाले, तिची चिखलासारखी विष्ठा पृष्ठभागावर साचून थर बनला आणि माती इतकी घट्ट झाली की पावसाचे पाणी मुरेना. हे निरीक्षण १९९९ साली प्रसिद्ध झाले. म्हणून फावड्याला लागलेल्या गांडुळांची केवळ संख्या मोजून जमिनीचा कस ठरवू नये. आपली काळी जमीन मामांच्या जमिनीहून कमी कसाची आहे, असा अर्थ आपल्या निरीक्षणातून निघत नाही.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी सिमेंटच्या वाटेवर शेकडो गांडुळे पडलेली असतात आणि दुपारपर्यंत मरतात. गावी शेतात इतकी कधी पाहिली नाहीत. पाण्यात बुडतात म्हणून बाहेर येतात का?

उत्तर : 'बुडतात' हा शब्द तितकासा अचूक नाही. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर अनेक जातींची गांडुळे त्यात दिवसचे दिवस जिवंत राहतात, कारण त्यांची कातडी पाण्यातूनही श्वास घेऊ शकते. अडचण होते ती साचलेल्या पाण्याची. मातीच्या छिद्रांत पाणी उभे राहिले की मुळे व सूक्ष्मजीव त्यातला प्राणवायू भराभर वापरून टाकतात आणि बाहेरची हवा पाण्यातून फार हळू आत येते. ज्या जातींना प्राणवायू अधिक लागतो त्या वर येतात आणि ज्यांना कमी लागतो त्या खालीच थांबतात. काही गांडुळे ओल्या पृष्ठभागाचा लाभ घेऊन नवीन जागी जाण्यासाठीही बाहेर पडतात, कारण एरवी उघड्यावर एवढे अंतर कापणे त्यांना शक्य नसते.

आता सोसायटीची जमीन पाहा. भरावाचा दाबलेला मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, त्यावर फूटभर आणून टाकलेली लाल माती. या मातीत खत असते, रोजचे पाणी असते, म्हणून गांडुळे भरपूर वाढतात; पण पाऊस कोसळला की पाणी दाबलेल्या थरावर अडते आणि सगळी माती काठोकाठ भरते. शेतात गांडूळ बांधाकडे किंवा उंचवट्याकडे सरकू शकते. इथे वर आल्यावर चहूकडे सिमेंट असते, आणि त्यावर घासत जाताना त्याला मातीची वाट सापडत नाही. उजाडल्यावर ऊन त्याला मारते. केवळ उष्णतेने नव्हे, तर अतिनील किरणांनीही, कारण त्याच्या कातडीला त्यांच्यापासून पुरेसे संरक्षण नाही. सकाळी झाडलोट होण्याआधी ती ओल्या हाताने उचलून झाडाखालच्या पालापाचोळ्यावर ठेवावीत. त्यांच्यावर माती लोटण्याची गरज नाही, ती आपण होऊन आत जातात.

प्रश्न : पुरंदर तालुक्यात माझी दोन एकर मुरमाड जमीन आहे. गांडूळखताच्या बेडमधली पाच किलो गांडुळे विकत घेऊन मी डाळिंबाच्या आळ्यांत सोडली. महिन्याने एकही दिसले नाही. विक्रेत्याने फसवले का?

उत्तर : गांडुळे खरीच असतील, पण त्यांना सोडण्याची जागा चुकली. बेडमध्ये वापरतात ती आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी ही गांडुळे मातीत घर करणारी नाहीत. ती शेण आणि कुजणारा पाला यांच्या थरात राहणारी आहेत. पहिले मूळचे युरोपातले, दुसरे पश्चिम आफ्रिकेतले. आपल्या देशातले पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हेही याच स्वभावाचे. मार्सेल बूशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गांडुळांची राहणीनुसार तीन गटांत विभागणी केली, ती आपल्याला उपयोगी पडेल. पहिला गट पृष्ठभागावरच्या कुजट पाल्यात राहणाऱ्यांचा, दुसरा मातीतच आडव्या वाटा काढत माती खाणाऱ्यांचा, आणि तिसरा खोल उभे बीळ करून रात्री वरची पाने आत ओढून नेणाऱ्यांचा. शेणाच्या ढिगातले गांडूळ मुरमात सोडणे म्हणजे पहिल्या गटाकडून दुसऱ्या गटाचे काम मागणे आहे. आळ्यातले शेण संपले की ते उपाशी राहते, कडेला निघून जाते किंवा पक्षी टिपतात.

शिवाय मुरमाड जमीन कोणत्याही गांडुळाला अवघडच. माती उथळ, खाली कच्चा खडक. उन्हाळ्यात खाली जाऊन निजण्याइतकी खोली नाही. भरड, टोकदार कणांनी कातडी खरचटते आणि पाणी क्षणात निघून जाते. नदीकाठच्या वाळूसर पट्ट्यातही गांडुळे कमी दिसतात, त्याचे कारण बरेचसे हेच. म्हणून पैसे गांडुळांवर न घालता त्यांच्या खाद्यावर आणि आच्छादनावर घालावेत. आळ्यात चार बोटे जाड वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट ठेवा, ठिबकची नळी त्याखाली घ्या आणि आच्छादन वर्षभर उघडे पडू देऊ नका. बांधावरच्या झाडांखाली मातीत राहणारी स्थानिक गांडुळे आजही आहेत. आळ्यांत ओल टिकू लागली की ती तिथून सरकत येतील. याला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि मला वाटते तेवढा धीर धरण्यासारखी ही गोष्ट आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत बांधावर गांडुळे आहेत, पण वेलींच्या ओळींत नाहीत. पाणी, शेणखत दोन्ही देतो.

उत्तर : ओळींत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक पडत असेल तर त्यातील तांबे तपासून घ्या. तांबे पाण्याबरोबर वाहून जात नाही, वरच्या थरातच साचत राहते, आणि गांडुळे त्याला फार संवेदनशील असतात. पूर्वी फोरेट किंवा कार्बोफ्युरान यांसारखी दाणेदार कीटकनाशके जमिनीत दिली असतील तर तीही त्यांना अतिशय घातक होती. तिसरे कारण ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेली माती. माती परीक्षणाला देताना सामू व सेंद्रिय कर्ब यांबरोबर तांब्याचीही चाचणी मागावी.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा दहा गुंठ्यांचा एक तुकडा क्षार साचून चोपण झाला आहे. नांगर चालतो तेव्हा शेजारच्या रानात बगळ्यांची रांग लागते, आमच्या तुकड्यात एकही उतरत नाही. तिथे गांडुळे सोडली तर जमीन सुधारेल का?

उत्तर : बगळ्यांनी आपल्याला माती परीक्षणाचा निम्मा अहवाल फुकट दिला आहे, आणि तो खरा आहे. ज्या जमिनीत विरघळलेले क्षार जास्त, तिथे गांडुळाच्या ओल्या कातडीतून पाणी बाहेर ओढले जाते, जसे मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते. चोपण जमिनीत त्यापलीकडेही एक अडचण असते. सोडियममुळे चिकणमातीचे रवे मोडून कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी वर उभे राहते आणि वाळल्यावर पापडी धरते. सामू ८.५ च्या वर गेलेला असतो. म्हणजे ओल असते तेव्हा हवा नसते आणि हवा असते तेव्हा ओल नसते. वाफशाचा दिवस असा येतच नाही.

म्हणून गांडुळे सोडून ही जमीन सुधारणार नाही. क्रम उलटा लावावा लागेल. आधी निचऱ्याचे चर काढून साचलेले पाणी बाहेर जाण्याची सोय करावी. मग माती परीक्षणात सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम घालावे, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेईल आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जाईल. निचरा नसताना जिप्सम घातले तर सोडियम तिथेच राहतो आणि खर्च वाया जातो. हे पुष्कळ जणांचे झाले आहे, म्हणून आवर्जून लिहितो. त्यानंतर धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडावा आणि पाणी मोजून द्यावे. शेजारच्या रानात गांडुळे आहेत, ती आपल्या तुकड्याच्या कडेपासून आत येऊ लागतील. दर पावसाळ्यात कडेपासून किती पावलांवर पहिले गांडूळ सापडते, ते वहीत टिपून ठेवावे. सुधारणा कुठवर पोहोचली हे त्यावरून कळत जाईल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वेगवेगळ्या मातीत गांडूळ कसे वागते, हे मुलांना वर्गात दाखवता येईल का?

उत्तर : सहज दाखवता येईल, आणि यासाठी विकतचे काही लागत नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तिच्यात तळापासून चार-चार बोटांचे थर द्या. खाली काळी माती, मध्ये वाळू, वर तांबडी किंवा पोयट्याची माती. प्रत्येक थर वाफशाइतकाच ओला असावा, तळाशी पाणी साचू देऊ नये. वर थोडा कुजका पाला ठेवून शाळेच्या आवारातील ओल्या मातीतली चार-पाच गांडुळे सोडा. बेडमधली गांडुळे नकोत, त्याचे कारण वर आलेच आहे. बरणीभोवती काळा कागद गुंडाळा, तोंडावर मलमल बांधा आणि ती सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी एकदा कागद काढून काचेलगतच्या वाटा मुलांना वहीत काढायला सांगा. वाळूच्या थरात वाटा कमी असतात की जास्त, त्या ढासळतात की टिकतात, तांबड्या मातीचे रवे काळ्या मातीत कधी दिसू लागतात, हे मुलांनी स्वतः पाहावे. आपण आधी सांगू नये. बरणीतले एखादे गांडूळ लवकर वर येऊन बसले तर बहुधा पाणी जास्त झाले आहे असे समजावे.

अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधून पाहिले तर गांडुळे बिचकत नाहीत, कारण लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नाही. चार्ल्स डार्विन आपल्या अभ्यासिकेत कुंड्या ठेवून रात्री असाच रंगीत काचेतून प्रकाश टाकून गांडुळे पाहत असे. पियानो जवळ जोरात वाजवला तरी ती स्तब्ध राहत. कुंडी पियानोवरच ठेवून एक स्वर वाजवला की झटकन बिळात जात, म्हणजे त्यांना आवाज ऐकू येत नसून कंप जाणवत होता. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. मुलांना हा प्रयोग बाकावर बोट वाजवून करता येईल.

शेवटी एक गांडूळ कोरड्या वहीच्या कागदावर अगदी थोडा वेळ ठेवा आणि मुलांना गप्प राहून कान जवळ न्यायला सांगा. त्याच्या अंगावरचे राठ केस कागदावर घासल्याचा बारीक खरखर आवाज येतो. केस डोळ्यांना दिसत नाहीत, पण ऐकू येतात, आणि गांडूळ माती धरून पुढे कसे सरकते ते मुलांना तेवढ्यावरून कळते. त्यानंतर गांडुळाला लगेच ओल्या मातीत ठेवावे. तीन आठवड्यांनी निरीक्षण संपले की बरणीतली सगळी गांडुळे जिथून आणली तिथेच, ऊन उतरल्यावर, सोडून द्यावीत.